हाताने विचार करणारी मुले : डॉ. मारिया माँटेसरी यांचे जीवनकार्य

मुंबईच्या उपनगरांत, वसईच्या गावांत किंवा एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी गेलो, तरी कोठल्या ना कोठल्या बालवाडीच्या फलकावर माँटेसरी हा शब्द आपल्याला हमखास वाचायला मिळतो. ते एका इटालियन स्त्रीचे आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या शाळांतील गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, लाकडी दट्टे आणि भौमितिक आकारांच्या पाट्या यांचे मूळ कोठे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ते सुखवस्तू घरांतील हुशार मुलांच्या शाळेत नाही. शिकण्यास अपात्र ठरवून ज्यांना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, त्या मुलांच्या सहवासात या साधनांची कल्पना आकाराला आली. त्या अनामिक मुलांचे स्मरण ठेवून आम्ही डॉ. मारिया माँटेसरी यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भूमितीची ओढ

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडील अंकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. आई रेनील्दे स्तोप्पानी ही वाचनाची आवड असलेली स्त्री होती. मारिया हे त्यांचे एकुलते एक अपत्य. वडिलांच्या बदलीमुळे १८७५ साली हे कुटुंब रोममध्ये स्थायिक झाले.

त्या काळी मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समाजाची अपेक्षा होती. मारियाला मात्र गणिताची विलक्षण गोडी होती. वयाच्या तेराव्या वर्षी तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला आणि इंजिनिअर होण्याचे स्वप्न पाहिले. पुढे तिचे मन वैद्यकशास्त्राकडे वळले. वडिलांचा विरोध, विद्यापीठाची नाखुषी आणि सहाध्यायांची हेटाळणी सोसून तिने रोम विद्यापीठात अभ्यास केला. पुरुषांच्या उपस्थितीत स्त्रीने शवविच्छेदन करणे अनुचित मानले जात असल्यामुळे, इतर विद्यार्थी निघून गेल्यावर तिला एकटीने प्रेतागारात थांबून काम करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीची पहिली महिला डॉक्टर असा तिचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही, कारण तिच्या आधीही काही स्त्रियांनी त्या देशात ही पदवी मिळविली होती. परंतु वाट तिला खडतरच होती, यात शंका नाही.

भूमितीची ही ओढ वाचकांनी ध्यानात ठेवावी. आकार, माप आणि वस्तूंचे परस्परांशी असलेले स्थान यांवर प्रेम करणारी ही बुद्धी पुढे एका अनपेक्षित ठिकाणी कामाला येणार होती.

रिकाम्या खोलीतील मुले

१८९७ साली मारियाबाई रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात स्वेच्छेने काम करू लागल्या. उपचारासाठी योग्य रुग्ण निवडण्यासाठी त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांना भेटी द्याव्या लागत. तेथे प्रौढ मनोरुग्णांच्या बरोबरीने लहान मुलेही कोंडलेली असत. कोणाची बुद्धी मंद, कोणाला बोलता येत नसे, कोणाला फिट्स येत. त्या काळी या सर्वांना एकाच मापाने मोजून जी नावे दिली जात, ती आज उच्चारायलाही आपल्याला संकोच वाटतो.

त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. एका खोलीत काही मुले कैद्यांसारखी ठेवली होती. खोलीत ना खेळणे, ना चित्र, ना हातात धरण्यासारखी कोणतीही वस्तू. जेवण संपले की ती मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण गोळा करीत. त्यांची देखरेख करणाऱ्या बाईला यात केवळ हावरटपणा आणि घाण दिसली. डॉ. मारियांनी खोलीभर नजर फिरविली आणि त्यांना दुसरेच काही उमगले. बोटांच्या चिमटीत धरता येईल, उलटसुलट करून पाहता येईल अशी, त्या कणांव्यतिरिक्त एकही वस्तू मुलांजवळ नव्हती. त्यांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती.

येथून त्यांचा शोध सुरू झाला. तो त्यांना दोन फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांपर्यंत घेऊन गेला. पहिले झाँ इतार, ज्यांनी फ्रान्समधील आव्हेराँच्या रानात सापडलेल्या मुलाला शिकविण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ (१८१२-१८८०). सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी एक लाकडी फळी तयार केली होती. तिच्यात वर्तुळ, चौकोन, तारा असे आकार कोरलेले असत आणि त्या त्या आकाराचा तुकडा त्या त्या खाचेत बसवायचा असे. शब्द न कळणाऱ्या मुलालाही हा प्रश्न कळत असे आणि उत्तर त्याच्या हातातच असे. मारियाबाईंनी या दोघांचे ग्रंथ स्वतः इटालियन भाषेत उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात मुरावा, म्हणून त्यांनी ते सारे स्वतःच्या हाताने लिहिले.

१८९८ साली तुरीन येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत त्यांनी आपले मत निर्भीडपणे मांडले. बुद्धीने मागे राहिलेल्या मुलांचा प्रश्न मुख्यतः औषधोपचाराचा नसून शिक्षणाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली आणि डॉ. जुझेप्पे माँतेसानो यांच्याबरोबर त्या तिच्या संचालक झाल्या. तेथे मुलांसाठी प्रायोगिक शाळाही होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या स्वतः मुलांना शिकवीत आणि रात्री दिवसभराच्या नोंदी लिहीत. सेगँ यांच्या साधनांत त्यांनी बदल केले, नवी साधने घडविली. त्यांतील काही मुले पुढे सरकारी शाळेच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली. लोकांनी याला चमत्कार म्हटले. मारियाबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले जर सर्वसाधारण मुलांची बरोबरी करू शकतात, तर सर्वसाधारण मुलांना शाळेत मागे कोण खेचते आहे?

स्वतःचे मूल

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख घडले. ते झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. डॉ. माँतेसानो आणि त्या यांच्यात प्रेमसंबंध निर्माण झाला होता आणि ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मारियो हा मुलगा झाला. त्यांचा विवाह झाला नाही. कुटुंबाची अब्रू आणि कष्टाने मिळविलेले काम, दोन्ही पणाला लागले होते. बाळ रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपविण्यात आले. आई त्याला भेटावयास जात असे, पण आपण कोण हे सांगत नसे. १९०१ साली डॉ. माँतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला. त्याच वर्षी मारियाबाईंनी ती संस्था सोडली.

जगातील मुलांसाठी दिवसरात्र झटणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाला मांडीवर घेऊन वाढविता आले नाही. १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा झालेला मारियो आईजवळ राहावयास आला आणि पुढे आयुष्यभर तिचा उजवा हात बनला. तरीही कित्येक वर्षे लोकांपुढे त्याची ओळख भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई.

सान लोरेन्झोची शाळा

संस्था सोडल्यावर त्या पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी झाल्या आणि तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व शिक्षणशास्त्र शिकल्या. त्या काळच्या विज्ञानाच्या मर्यादा त्यांच्याही लेखनात आहेत. मुलांच्या डोक्याची मापे घेऊन बुद्धीविषयी अनुमाने काढण्याची जी पद्धत तेव्हा रूढ होती, तिचा प्रभाव त्यांच्या सुरुवातीच्या ग्रंथांवर दिसतो. आज ती पद्धत टाकून देण्यात आली आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी, ज्या दिवशी ख्रिस्तसभा तीन राजांचा सण साजरा करते त्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचे घर, सुरू झाले. आईवडील कामावर गेल्यावर जिन्यात आणि भिंतींवर रेघोट्या ओढीत फिरणारी सुमारे पन्नास मुले तेथे गोळा करण्यात आली. मुलांच्या उंचीची टेबले, मुलांना उचलता येतील अशा खुर्च्या आणि हाताशी येतील अशी कपाटे तेथे आणली गेली. पूर्वी मंदबुद्धी मुलांसाठी वापरलेली साधने मारियाबाईंनी येथे धडधाकट मुलांपुढे ठेवली.

ही साधने नीट पाहिली, तर त्यांतील गणिती बुद्धी कळते. दट्ट्यांच्या चार पेट्या असतात आणि प्रत्येकीत दहा दट्टे असतात. एका पेटीत दट्ट्यांची केवळ जाडी बदलते, एकीत केवळ उंची बदलते, एकीत दोन्ही एकाच दिशेने कमी होतात, तर एकीत जाडी कमी होताना उंची वाढत जाते. एखादा दट्टा चुकीच्या खाचेत बसला, तर शेवटी एक दट्टा न बसणारा उरतो. बाईंनी चूक दाखविण्याची गरज नाही, लाकूडच ती दाखविते. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर. लहान घनासारखे हजार घन एकत्र केले की मोठा घन होतो. तीन वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही, पण ते वजन त्याच्या मनगटाला कळते. डोळ्यांवर पट्टी बांधून गोल, शंकू, घन केवळ चाचपून ओळखणे आणि आकारांच्या कडेवरून दोन बोटे फिरविणे, हेही या शिक्षणात येते. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरविताना हीच बोटे लिहावयास शिकतात.

एकदा तीन वर्षांच्या आसपासची एक मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. मारियाबाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणावयास लावली, तिला खुर्चीसह उचलून टेबलावर ठेवले. मुलीचे ध्यान ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने दट्टे काढले आणि बसविले. मग आपण होऊन थांबली आणि प्रसन्नपणे इकडेतिकडे पाहू लागली.

आजचे विज्ञान काय सांगते

वस्तूचा आकार मनात धरणे, ती फिरविली तर कशी दिसेल हे ताडणे, तुकड्यांतून पूर्ण आकृती जुळविणे, ओळखीच्या वाटेने घरी परतणे, या सर्व क्षमतांना मानसशास्त्रात अवकाशीय विचारशक्ती म्हणतात. मारियाबाईंच्या काळी गुणसूत्रांचा आणि मंदबुद्धीचा संबंध कोणालाही ठाऊक नव्हता. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिये आणि रेमाँ त्युर्पँ यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे प्रसिद्ध केले. अशा मुलांच्या हक्कांसाठी झटलेल्या लेज्यून यांना २०२१ साली ख्रिस्तसभेने आदरणीय म्हणून घोषित केले, हे वाचकांना स्मरत असेल.

त्यानंतरच्या संशोधनात एक महत्त्वाची गोष्ट आढळली. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांना कानांनी ऐकलेले शब्द थोडा वेळ लक्षात ठेवणे फार कठीण जाते. त्या मानाने डोळ्यांनी पाहिलेली जागा किंवा क्रम त्यांच्या ध्यानात अधिक राहतो. याउलट विल्यम्स सिंड्रोम या दुर्मिळ विकारात सातव्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एकावरील पंचवीसहून अधिक जनुकांचा एक लहान तुकडा गळालेला असतो. ही मुले पुष्कळदा छान बोलतात, माणसांत रमतात, संगीतात रंगून जातात. परंतु चार ठोकळ्यांची साधी नक्षी पाहून तशीच नक्षी जुळविणे त्यांना अतिशय जड जाते. तुकडे दिसतात, पण ते एकत्र बसत नाहीत.

म्हणजे, बोलता न येणाऱ्या मुलाला काहीच कळत नाही असे मानणे ही जशी चूक, तशीच गोड बोलणाऱ्या मुलाला सर्व काही जमेल असे मानून नंतर त्याला आळशी ठरविणे हीही चूक. मुलाची बुद्धी ही एकाच फूटपट्टीने मोजण्याची वस्तू नाही. सर्वसाधारण मुलांत आणि मोठ्यांत अवकाशीय विचारशक्ती सरावाने वाढते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २१७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले. लाकडी साधने हे काही औषध नव्हे. त्यांच्यामुळे गुणसूत्रे बदलत नाहीत. परंतु हे मूल कोठे अडखळते आणि कोठे सहज चालते, हे शांतपणे पाहण्याची संधी ती शिक्षकाला देतात. मारियाबाईंनी शिक्षकाला बोलण्यापेक्षा निरीक्षण करावयास शिकविले, ते याचसाठी.

कीर्ती, चुका आणि भारत

सान लोरेन्झोच्या शाळेची कीर्ती झपाट्याने पसरली. १९०८ च्या डिसेंबरातील मेस्सिना येथील भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी रोममधील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या भगिनींच्या मठात त्यांच्या पद्धतीची शाळा चालली. बार्सिलोना येथे त्यांनी मुलांसाठी खास प्रार्थनामंदिर तयार करविले. तेथे सर्व वस्तू मुलांच्या उंचीच्या होत्या. वेदीवरील भाकर आणि द्राक्षारस यांसाठी मुले स्वतः गहू पेरीत व द्राक्षवेलींची निगा राखीत. उपासनेचा अर्थ मुलांच्या हातांतून हृदयात जावा, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. १९२४ पासून त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीचा आश्रय स्वीकारला. शाळा वाढल्या, पण हुकूमशहाला स्वतंत्र बुद्धीची मुले नको होती. १९३४ साली हे संबंध तुटले आणि त्यांना मायदेश सोडावा लागला.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासला आल्या. त्यांच्या पद्धतीचे बीज मात्र त्याआधीच येथे रुजले होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. ताराबाईंनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाड येथे, आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांच्या अंगणात ही शाळा नेली. महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, शिंपले, दगड आणि पाने आली.

१९४० च्या जूनमध्ये इटली महायुद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारने मारियोला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे स्थानबद्ध केले. सत्तर वर्षांची आई मद्रासला एकटी पडली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी तिच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तिचा मुलगा तिला परत करण्यात येत असल्याचे तारेत कळविले होते. जे नाते आईने बेचाळीस वर्षे उघडपणे सांगितले नव्हते, ते एका सरकारी तारेने उघड उच्चारले. आपल्या मृत्युपत्रात तिने मारियोचा उल्लेख पुत्र म्हणूनच केला.

भारतात त्यांनी हजाराहून अधिक शिक्षकांना प्रशिक्षण दिले. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्या युरोपला परतल्या, पुन्हा आल्या आणि १९४९ साली त्यांनी भारताचा निरोप घेतला. त्या वर्षापासून सलग तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

ती मुले कोठे आहेत?

चरित्र येथे संपते, पण एक प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. रोमच्या त्या रिकाम्या खोलीतील मुलांमुळे जी साधने जन्माला आली, ती आज भरभक्कम फी घेणाऱ्या शाळांच्या कपाटांत मांडलेली आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे आईवडील प्रवेशासाठी अशा शाळेच्या दारात गेले, तर त्यांना किती ठिकाणी आत बसविले जाते? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांना इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. कायद्याने दार उघडते, पण मुलाला हात धरून आत नेणारे माणूस लागते.

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो. आमच्याकडे कधी कधी एखादी आई दबक्या आवाजात विचारावयास येते, की फादर, माझ्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर मिळेल का, त्याला प्रार्थना पाठ होत नाहीत. पाठांतर हेच श्रद्धेचे माप ठरवून आम्ही तिला परत पाठविले, तर पावाचे कण वेचणारी मुले पाहूनही ज्यांना काही दिसले नाही, त्यांच्यात आणि आमच्यात फरक तो काय? त्या मुलाच्या हातात मेणबत्ती देता येईल, वेदीवरील फुले मांडावयास शिकविता येईल, वेदीवरच्या भाकरीची आणि प्याल्याची ओळख हाताने करून देता येईल.

प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामात, आपल्या आळीत, कदाचित आपल्याच घरात असे एखादे मूल असेल. येत्या रविवारी मिस्सानंतर त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे, त्याच्या हातात काहीतरी द्यावे आणि ते त्या वस्तूचे काय करते, हे घाई न करता पाहावे, एवढीच आमची विनंती.